मागच्या चाकाचा आवाज

लुब्बर्ट मागून आला आणि तिच्या डाव्या कोपराला वारा घालून पुढे निघून गेला, तेव्हा यान्टिन इतकी दचकली की तिची सायकल रस्ता सोडून थेट काठावरच्या गवतात शिरली. खाली दोन हातांवर रॉट्टे नदीचं संथ, काळपट पाणी. गवतातली बदकं मात्र आधीच बाजूला झालेली होती. ही बदकांची गोष्ट तिला नंतर आठवली, आणि मग काही केल्या विसरता येईना. लुब्बर्ट पुढे जाऊन थांबला आणि एक पाय टेकवून, हेल्मेट मागे सारून हसायला लागला. "काय गं, झोप लागली होती का? मला वाटलं, पार त्या पवनचक्कीपासून ऐकलं असशील. या ढोलानं मेलेला माणूस उठून बसेल!" यान्टिन म्हणाली, "विचारात होते रे." "आं? मोठ्यानं बोल की!" "विचारात होते!" ढोल म्हणजे त्याच्या सायकलचं मागचं चाक. त्याला तारा नव्हत्या. दोन्ही बाजूंनी काळ्या कार्बननं गच्च झाकलेलं, आतून पोकळ, वेग घेतला की घुमणारं चाक. ते घुमतं हे दोघांच्या शर्यतींच्या क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. यान्टिनलाही ठाऊक होतं, पण ते आठवणीनं. आत्ता या क्षणी तो आवाज कसा असतो हे आठवायला गेल्यावर तिला नुसतं काळं, चकचकीत फिरणं दिसलं, ऐकू काहीच आलं नाही.

पुढची चार वळणं दोघं बरोबरीनं गेली. लुब्बर्टच्या खुब्यानं यंदा मान टाकली होती. डॉक्टरांनी पोहायला आणि सायकल चालवायला परवानगी दिलेली, शर्यतींना नाही. क्लबात त्याच्याइतका जुना माणूस नाही, पण त्याचा तोरा मात्र विशीतला. "ढोल तूच घे," तो म्हणाला, "जोडीला पुढचं उंच कडांचं चाकही देतो. गेल्या वर्षी झेलँडच्या शर्यतीत तुझं काय झालं, विसरलीस? या चाकांवर असतीस तर ती बाई तुझ्यासमोर येऊन उभीच राहिली नसती." ती विसरली नव्हती. पोहणं, सायकल, धावणं अशी तिहेरी शर्यत, ऑगस्टचा महिना, समुद्राकाठचा तो सरळसोट बांध, समोरून असा वारा की पॅडल मारावं आणि जागच्या जागी राहावं. पोहण्यात ती पहिल्या निम्म्यात होती, धावणं तर तिचं हक्काचं. मधली सायकल मात्र आडवी आली. सायकलची वेळमर्यादा थोडक्यात हुकली, आणि पिवळ्या जाकिटातल्या एका अतिशय सभ्य बाईनं खाली वाकून तिच्या घोट्यावरची वेळ मोजणारी पट्टी सोडून घेतली आणि हातात वाटाण्याच्या सूपचा पेला दिला. सूप चांगलं होतं, हाच सगळ्यात मोठा अपमान. यंदा शेवटच्या रेषेपर्यंत जायचं, एवढीच तिची इच्छा होती. पहिलं यायचं नव्हतं, कुणाला हरवायचंही नव्हतं. लुब्बर्टनं सांगितलेली किंमत ऐकून तिला हसू आलं. तिच्या दवाखान्यात श्रवणयंत्रांची चांगली जोडी जेवढ्याला जाते, बरोबर तेवढीच.

कारण यान्टिनचा धंदाच कानांचा. रॉटरडॅमच्या उत्तरेला, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ, ती लोकांचे कान तपासून त्यांना यंत्रं बसवून द्यायची. म्हणून 'ऐकू आलं नाही' हे वाक्य दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकणाऱ्या माणसाला ते स्वतःच्या मनात उमटलेलं आवडत नाही. ते तिनं लगेच बाजूला ठेवलं आणि त्या जागी दुसरा प्रश्न मांडला: हे चाक खरंच काम करतं का? माणूस असा हुशार असतो. एका कुतूहलाच्या पाठीमागे दुसरं लपवतो आणि वर स्वतःची पाठ थोपटतो, काय पण मी चौकस! पण चौकस ती होतीच, ते खोटं नव्हतं. रात्री जेवणानंतर तिनं वाचायला सुरुवात केली. चाक बनवणारे सांगत होते की वारा वाचतो, वेळ वाचतो. हौशी लोक तर एकाहून एक: कुणी म्हणे पाठीला कुणीतरी हात लावून ढकलल्यासारखं वाटतं, कुणी म्हणे निव्वळ पैशांचा धूर. वाटतं, वाटतं, वाटतं. या शब्दावर यान्टिनचा काडीचा विश्वास नव्हता. गेल्याच आठवड्यात एक म्हातारे कप्तान, जन्मभर बंदरात टगबोट हाकलेले, नवं यंत्र कानात घालताच म्हणाले होते, "वा! आता कसं लख्ख!" आणि यंत्र अजून सुरूच केलेलं नव्हतं. हेच कप्तान तपासणीच्या वेळी, आवाजबंद खोलीत बसून, आवाज आला की बटण दाबायचं तर ठेक्यात बटण दाबत सुटले होते. शेवटी तिनं काचेपलीकडून माइकवर सांगितलं, "कप्तान, मी अजून काही वाजवलंच नाहीये." त्यांनी मान खाली घातली. "नाही, मला वाटलं, आता यायची वेळ झाली." त्यांच्या त्या चेहऱ्यावरची लाज तिला अजून दिसत होती.

"मग करून बघ ना," रोम्बाउट म्हणाला. तिचा नवरा नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवतो. कपडे-बूट घालून पाण्यात पडलं तर काय करायचं, हे तिथल्या प्रत्येक पोराला त्यानं घसा फोडून शिकवलेलं. त्यामुळे त्याचं साधं बोलणंही तलावाच्या या काठावरून त्या काठाला जाईल असं. शेजारीपाजारी कधीमधी तक्रार करायचे, यान्टिननं कधी केली नाही. "इथे खुर्चीत बसून वाऱ्याचा काय पत्ता लागणार? आणि जरा तोंड उघडून बोल बाई. हल्ली तू काय कुजबुजतेस, मला कळतच नाही." "मी कुजबुजते?" "नाही तर काय! मघाशी मीठ मागितलंस ते मला प्रार्थनाच वाटली." ती हसली. आपला आवाज आपल्याला भरपूर मोठा येत होता, डोक्यात घुमत होता. मग हा असं का म्हणतो? हा प्रश्नही तिनं पहिल्या प्रश्नाशेजारी नेऊन ठेवला, म्हणजे लपवलाच, आणि पुन्हा चाकाकडे वळली. खरं तर तिला कळत होतं की सायकलवरचं सगळ्यात मोठं शीड म्हणजे सायकलस्वार स्वतः. आपण थोडं खाली वाकलो, फडफडणारं जाकीट घरी ठेवलं, तर फुकटात जेवढं पदरात पडेल तेवढं कुठलंही चाक देणार नाही. लुब्बर्टकडेच बघा. चाक बिचारं वारा कापत जातं आणि वर त्याचं पोट तोच वारा पुन्हा गोळा करतं. पण खाली वाकून झालं, जाकीट घरी ठेवून झालं, तरी थोडक्यात हुकतंच अशा माणसानं काय करावं? त्या थोडक्याची किंमत किती? हे तिला मनापासून जाणून घ्यायचं होतं, आणि ते कुणाच्या वाटण्यावरून नव्हे.

अडचण अशी की चाकाची आंधळी परीक्षा घेता येत नाही. चाक बदललं हे डोळ्यांना दिसतं, आणि बदललं हे कळलं की पाय आपोआप जोर लावतात, छाती फुगते, माणूस कप्तान होतो. दोन दिवस ती याच विचारात होती. ट्राममध्ये, दवाखान्यात, भाजीच्या दुकानात वांगी हातात घेऊन. आणि मग स्वयंपाकघरात, धूर ओढणारा पंखा लावून कांदा परतत असताना, तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: मागचं चाक मागे असतं! आपण वळून पाहिलं नाही तर ते दिसत नाही. पॅडल मारलं नाही, नुसतं उतारावरून घरंगळत गेलं, तर पायांना लबाडीही करता येत नाही. राहता राहिला आवाज, तर कानात बोळे घालायचे. दवाखान्यात बोळ्यांना काय तोटा! त्या आनंदात ती पंख्याखालीच उभी राहिली आणि रोम्बाउट दारातून काहीतरी म्हणाला ते तिला स्वच्छ ऐकू आलं. इतकं स्वच्छ की तिला आई आठवली. झ्वोला गावच्या घरात वाढदिवस असला की सगळे गोलात खुर्च्या मांडून बसायचे, प्रत्येकाच्या हातात कॉफी आणि एकच बिस्कीट, एकमेकांचं अभिनंदन करत. आई त्या गोलात बसून सगळ्यांकडे बघून हसायची, कुणी काही विचारलं तर आणखी हसायची. पण छोट्या यान्टिनला काही सांगायचं असलं की आई म्हणायची, "चल, आत चल," आणि स्वयंपाकघरात जाऊन पंखा लावायची, मोठ्या बटणावर, घरघर घरघर. मग तिच्याकडे कान करून म्हणायची, "हं, आता बोल." यान्टिनला वाटायचं की आईला गुपितं आवडतात. पंखा लावला म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाणार नाही. शाळेतली भांडणं, मैत्रिणीचा मार, पहिल्यांदा आवडलेला मुलगा, सगळं तिनं त्या घरघरीत सांगितलं होतं. आई हळू आवाजात उत्तर द्यायची, कुजबुजल्यासारखं. पुढे शिकताना एका पुस्तकात तिनं वाचलं की कानातलं एक इवलंसं हाड जखडत जातं तेव्हा माणसाला गोंगाटातलं बोलणं चांगलं कळतं, आणि स्वतःचा आवाज मोठा वाटतो म्हणून तो हळू बोलायला लागतो. बायकांत जास्त. घराण्यात चालतं. फोन करून आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "अगं, मला सगळं येतं ऐकू, लोकच हल्ली पुटपुटतात." कांदा करपला. रोम्बाउट येऊन पंखा बंद करत म्हणाला, "लक्ष कुठे आहे?" तिनं त्याचे ओठ हललेले पाहिले आणि तेवढ्यावरून उत्तर दिलं, "चाकात."

या देशात बिनवाऱ्याचा दिवस मिळवायचा म्हणजे वाट बघायची. शेवटी एका रविवारी सकाळी शहराबाहेरच्या तळ्याचं पाणी आरशासारखं दिसलं आणि तिघं काठच्या टेकडीवर पोचले. टेकडी म्हणजे तरी काय, शहराच्या कचऱ्यावर माती टाकून, गवत लावून केलेला उंचवटा. पण रॉटरडॅमच्या सायकलवाल्यांना तेवढाच हिमालय. यान्टिननं सगळं ठरवून टाकलं होतं. दोन्ही चाकांना एकाच जातीचे टायर, हवा सारखीच, अंगावर तेच कपडे, तेच वाकणं. नाही तर टायरचं श्रेय चाकाला जायचं. वरून सोडायचं, पॅडल मारायचं नाही, आणि सायकल जिथे आपसूक थांबेल तिथे रोम्बाउट खडूनं रेघ मारेल. ढोल असेल तर निळी, साधं चाक असेल तर पिवळी. पोहायला येणाऱ्या पोरांचेच खडू. कधी कुठलं चाक लावायचं हे तो ठरवणार, लावून देणार लुब्बर्ट. तिनं पाठ करून तळ्याकडे बघत उभं राहायचं, कानात केशरी बोळे घालून, आणि खाली पोचल्यावर सांगायचं की ढोल होता की साधं. लुब्बर्टवर एकच बंधन, तोंड बंद ठेवायचं. "माझंच चाक आणि मलाच बोलायची बंदी!" "तू विकणारा आहेस. तुझा चेहरासुद्धा बोलतो." "मग चेहऱ्यावरही बोळा घालतो!" म्हणून त्यानं खरोखरच टोपी तोंडावर ओढली.

पहिल्यांदा घरंगळली तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की आपण काय शोधायला आलो हेच विसरली. कानात बोळे, पाय स्थिर, खालून येणारी थरथर मनगटांत, गालांवर हवा. लहानपणी बर्फावर पोटावर झोपून घसरताना असंच वाटायचं. दुसऱ्यांदा तिनं पाठीकडे लक्ष दिलं. तिसऱ्यांदा ढुंगणाखालच्या थरथरीकडे. "ढोल!" ती खाली पोचून ओरडायची, किंवा "साधं!" आणि रोम्बाउट डोळे मिटून मान हलवायचा, हो नाही काहीच न सांगता. एकदा मध्येच वाऱ्याची एक झुळूक तळ्यावरून आली आणि तिची सायकल नेहमीपेक्षा कितीतरी अलीकडे थांबली. ती मनात म्हणाली, बघा, एका झुळकेनं एवढं होतं, तर चाकाचं ते थोडकं त्यातून वेगळं कसं काढायचं? पण हा प्रश्नही तिला गोड लागत होता. मधे त्यांनी थर्मासातली कॉफी घेतली, लुब्बर्टनं बायकोनं दिलेला सफरचंदाचा केक काढला, आणि त्याला इतक्या वेळाचं सगळं बोलून टाकायचं होतं म्हणून तिनं बोळे काढून पाठीवरच्या खिशात टाकले. तो खुब्याबद्दल बोलला, मग त्याच्या पहिल्या शर्यतीबद्दल, आणि ढोल विकायचा म्हणजे घरातलं कुत्रं देऊन टाकण्यासारखं आहे हेही बोलला. हे बोलताना तो थट्टा करत नव्हता. यान्टिन त्याच्या ओठांकडे बघत होती.

"शेवटचं एकदा," रोम्बाउट म्हणाला. ती तळ्याकडे तोंड करून उभी राहिली. मागे चाक बदलल्याची हालचाल पायांखालच्या जमिनीत जाणवली. ती बसली, सुटली. उतारावर वेग आला, हवा गालांवर आली, आणि सगळं कसं शांत, नेहमीसारखं. या वेळी तिला शंकाच नव्हती. पाठीत काही नाही, ढुंगणाखाली काही नाही, आवाजाचा तर प्रश्नच नव्हता, बोळे होते ना. सायकल डुलत डुलत थांबली तेव्हा ती हसत म्हणाली, "साधं! पैज लावते." रोम्बाउटनं निळी रेघ मारली. "ढोल होता," तो म्हणाला. वरून लुब्बर्टही टोपी काढून ओरडत आला, "ऐकलास ना? काय घुमला बेटा! वरपर्यंत येत होता आवाज!" "मला कसा ऐकू येणार, मी तर—" असं म्हणत तिनं बोळे काढायला दोन्ही हात कानांकडे नेले.

कानांत काही नव्हतं. बोटं तिथेच राहिली, मोकळ्या कानांच्या भोकांशी, आणि कचऱ्याच्या त्या टेकडीखाली, निळ्यापिवळ्या रेघांमध्ये सायकल दोन पायांत धरून उभ्या असलेल्या यान्टिनला आधी काही कळलंच नाही. मग तिनं पाठीवरच्या खिशात हात घातला. केशरी बोळे तिथे होते, केकचा चुरा लागलेले. तिला भीती वाटली, अगदी साधी भीती. माझे कान! माझं काम! दिवसभर काचेपलीकडे बसून मी लोकांना काय सांगते, आणि लोक मला काय सांगत असतात, त्यातलं मी किती ऐकते आणि किती ओठांवरून वाचते? आणि भीतीच्याच मागोमाग, तिला स्वतःलाही लाज वाटावी इतक्या लवकर, दुसरं काहीतरी उठलं: किती? कुठल्या आवाजापासून? एका कानानं की दोन्ही? रोम्बाउट तिच्या हातातल्या बोळ्यांकडे बघत होता. तो जवळ आला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात काहीतरी म्हणाला. "काय?" तिनं विचारलं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. लुब्बर्ट तोवर रेघा बघत फिरत होता. निळ्या रेघा पिवळ्यांच्या थोड्या पुढे होत्या, हे खरं. त्या झुळकेची रेघ मात्र सगळ्यांच्या मागे, आणि ती निळी होती. "मग?" त्यानं विचारलं, "घेतेस ना?" "विचार करते," ती म्हणाली. "आं?"

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी तिनं नुरानला सांगितलं, "माझी तपासणी कर." नुरान तिच्या हाताखाली तयार झालेली, रॉटरडॅमच्याच तुर्की घरातली मुलगी. नावानं हाक मारली तरी मोठ्या माणसाला 'तू' म्हणणं तिच्या जिभेला जमत नाही. "तुमची? यान्टिन, तुम्ही गंमत करताय का?" मग तिनं यान्टिनकडे नीट पाहिलं आणि जाऊन तपासणीचं यंत्र सुरू केलं. आवाजबंद खोलीचं जड दार लागलं. ही खुर्ची तिनं हजारो लोकांना दिली होती, स्वतः तिच्यावर बसून किती वर्षं झाली होती कोण जाणे. कानांवर हेडफोन, हातात बटण. सुरुवातीचे बारीक, उंच आवाज आले, पक्ष्यांसारखे, आणि ती पटापट दाबत गेली. मग आवाज खर्जाकडे उतरायला लागले. आणि मग आलेच नाहीत.

म्हणजे येत होते. ते येत असणार हे तिला ठाऊक होतं. हा क्रम तिनंच नुरानला शिकवला होता. एक आवाज, थोडी शांतता, पुन्हा आवाज, आधीपेक्षा मोठा, शांततेची लांबी सारखी ठेवायची नाही, तरी प्रत्येकाच्या हाताला एक ठेका लागतोच. नुरानचा ठेका तिला पाठ होता. आत्ता वाजला असेल. आता परत. अंगठा बटणावर होता आणि दाबला असता तर नुरानला कधीही कळलं नसतं. कागदावर सगळं छान दिसलं असतं, आईसारखं सगळं येतंय ऐकू. तिला कप्तान आठवले. मला वाटलं, आता यायची वेळ झाली. यान्टिननं अंगठा बटणावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. ती बसून राहिली आणि त्या शांततेकडे लक्ष देऊन ऐकायला लागली. किती खोल आहे ही? कुठे संपते? बऱ्याच वेळानं, फार लांबून, पोकळ पिंपात कुणीतरी गुणगुणावं तसं काहीतरी आलं, आणि तेव्हा तिनं बटण दाबलं.

काचेपलीकडे नुरानचा चेहरा अगदी कोरा होता. रुग्णासमोर चेहरा कोरा ठेवायचा, हेही यान्टिननंच तिला शिकवलेलं, आणि पोरगी शहाणी, इतका कोरा ठेवला होता की यान्टिनला सगळं कळलं. ती बाहेर आली. नुरान म्हणाली, "यान्टिन, बसा ना. यावर शस्त्रक्रिया असते, तुम्हाला तर माहीतच—" "माहीत आहे गं. बसते. आधी एक फोन करते." बाहेरच्या खोलीत सकाळचे लोक येऊन बसले होते, कप्तानही होते. तिनं लुब्बर्टचा नंबर लावला. "लुब्बर्ट, ते चाक एवढ्यात कुणाला देऊ नकोस," ती म्हणाली. "आं? कोण? यान्टिन? अगं, काही ऐकू येत नाहीये! काय पुटपुटतेस?"

तिनं श्वास घेतला. मग तिनं स्वतःला जेवढा पुरेसा वाटला त्याच्या कितीतरी वर, रोम्बाउटच्या तलावाच्या आवाजात, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "ढोल विकू नकोस! कामाचा आहे की नाही ते नंतर बघू! मला तो आधी ऐकायचाय!"

बसलेल्या लोकांनी माना वर करून पाहिलं. कप्तानांनीसुद्धा.